वीजघराचं पाणी

"हात वर गेला की दगड व्हायचं. नाक खाजलं तरी खाजवायचं नाही," पेंडुरकर सर म्हणाले. हे ते प्रत्येक नव्या नदीवर पुन्हा सांगत, जणू आमच्याबरोबर त्या नदीलाही बजावून ठेवायचं होतं.

आम्ही तिघं तळवणी नदीच्या काठावर जांभळीखाली बसून बुटांच्या नाड्या आवळत होतो. मी, माझा नवरा निशिकांत आणि सर. काम होतं चतुर आणि टाचण्या मोजायचं. ज्यांच्या शेपटीला पोरं दोरा बांधतात ते चतुर, आणि त्यांच्याहून नाजूक, बसल्यावर पंख पाठीवर मिटून घेतात त्या टाचण्या. जिल्ह्यातल्या नद्या, तळी, कातळाच्या सड्यावरची डबकी, भाताची खाचरं, अगदी विहिरीसुद्धा पालथ्या घालून कुठे कोण राहतं ते नोंदवायचं सरांनी निवृत्तीनंतर मनावर घेतलं होतं. या मंडळींची पिल्लं पाण्यात वाढतात. पाणी नासलं की इतर कुणाला कळायच्या आधी ती नाहीशी होतात. म्हणून सर म्हणत, नदीची तब्येत बघायची तर नाडी इथे लागते.

या किड्यांना डोक्याच्या चारी बाजूंनी दिसतं. कुणी जरा हललं की गेलेच. म्हणून आमचा तो नियम. ज्याला काही दिसेल त्याने हात वर करायचा, बाकीच्यांनी आहेत तिथे थिजायचं, आणि सर कॅमेरा घेऊन एकटे पुढे सरकणार. हाका मारायच्या नाहीत. त्या नियमात आम्ही दोघं इतके मुरलो होतो की घरी भाजी चिरताना मी हात वर केला तरी निशिकांत दारातच थांबायचा. तेव्हा आम्हाला त्याचं हसू यायचं.

निशिकांत सरांचा आवडता विद्यार्थी. कॉलेजात शिकवायचा, बोलायला गोड, हुशार. त्याला पोहता येत नव्हतं, म्हणून तो नेहमी काठावरून मोजायचा. मला येत होतं, म्हणून पाण्यात मी. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. मला तर मुळीच नाही.

त्या रविवारी सरांना एकच टाचणी हवी होती. काळी, शेपटीच्या टोकाला निळा ठिपका, खळाळत्या पाण्यातल्या ओल्या मुळ्यांवर बसणारी. तरुणपणी त्यांनी ती याच नदीवर एकदा पाहिली होती आणि जवळ कॅमेरा नव्हता. त्यानंतर किती उन्हाळे ते इथे येत राहिले, ते त्यांच्या बायकोलाच ठाऊक. पेंडुरकर काकी कुडाळला असत. त्या माणसांदेखत म्हणायच्या, "माझी सवत निळ्या शेपटीची आहे." सर हसायचे. काकी हसायच्या नाहीत. मुलीच्या बारशाच्या दिवशी सर तळ्यावर होते, हे त्या विसरल्या नव्हत्या.

नदीच्या वरच्या अंगाला डोंगरात वीजघर होतं. तिथून पाणी सुटलं की तळवणी बघता बघता पुरुषभर चढायची. आम्ही उतरलो होतो त्या घरच्या शेवंतीबायने आदल्या संध्याकाळी चुलीपुढे बसून आम्हाला समज दिली होती.

"आयतवारी पाणी सोडनत नाय. पण भरवसो ठेव नकात. भोंगो वाजलो की वर येवचा. मागे बघूचा नाय, वस्तू गोळा करूच्यो नाय. गावातली पोरांसुदीक आंघोळीतसून तशीच वर धावतत."

"आम्ही पळण्यात पोरांच्याही पुढे आहोत," निशिकांत म्हणाला.

"तुमी पळशात. पण ह्येंका आयकाक खय येता?" शेवंतीबायने सरांकडे बोट केलं.

सरांना कमी ऐकू यायचं. कानात यंत्र असे, पण नदीवर ते काढून खिशात टाकत. पाण्याचा खळखळाट त्या यंत्रातून डोक्यात घण घातल्यासारखा वाजतो म्हणत. "चतुर काही बोलत नाहीत," ते मला म्हणायचे, "आणि तुम्ही नवराबायको बोलता ते ऐकण्यासारखं नसतं." त्यामुळे भोंग्याकडे कान ठेवणं हे ठरल्यासारखं निशिकांतचं काम झालं. काठावर तोच असायचा.

ऊन चढलं तशी टाचण्यांची वर्दळ सुरू झाली. सर खालच्या वळणावर, निशिकांत माझ्या समोर, आणि मी नदीच्या मधोमध असलेल्या खडकाकडे निघाले. त्या खडकावर एक करंज वाकडा वाढला होता आणि त्याच्या मुळ्या पाण्यात लोंबत होत्या. सरांची ती टाचणी असलीच तर इथेच, असं मला वाटलं. पाणी गुडघ्याएवढं होतं, पण धावतं. मी हातातली जाळी टेकत टेकत खडकाशी पोचले आणि मुळ्या बघायला वाकले, तेवढ्यात पायाखालचा धोंडा फिरला आणि उजवा पाय दोन दगडांच्या बेचक्यात घोट्यापर्यंत गेला.

आधी मी चिडलेच. असा पाय अडकणं नवीन नव्हतं. ओढला, निघाला नाही. वळवला, तर कळ डोक्यापर्यंत गेली. बसून बघावं तर पाणी छातीला लागायला लागलं. मी हाक मारली. त्या खळखळाटात ती माझी मलाच नीट ऐकू आली नाही.

मी एका हाताने खडक धरून दुसरा वर केला.

दोघंही थिजले. निशिकांत काठावर, एक पाय उचललेला, तसाच. सर खालच्या वळणावर, कॅमेरा डोळ्याला. मी वेडीवाकडी तोंडं करून "पाय, पाय" म्हणत राहिले. सरांची नजर माझ्यावर नव्हतीच. माझ्या हाताच्या आसपास ते टाचणी शोधत होते. एवढी मेहनत करून आपण आपल्यालाच कसं बांधून घेतलंय, हे मला तेव्हा कळलं. त्या खाणाखुणांमध्ये मदतीसाठी एकही खूण नव्हती. ती लागेल असं आमच्यापैकी कुणाच्या मनातच आलं नव्हतं.

तेव्हा मी खडक सोडला, जाळीही सोडली आणि दोन्ही हात वर केले. जाळी वाहत सरांच्या दिशेने गेली. जाळी कुणी कधी सोडत नाही. सरांनी कॅमेरा डोळ्यावरून काढला. त्यांनी माझा चेहरा पाहिला आणि त्यांना समजलं. कॅमेरा वाळूत टाकून तो म्हातारा माणूस, धोतरासारखी विजार वर खोचत, सरळ पाण्यात शिरला.

निशिकांतने मान वळवून नदीच्या वरच्या अंगाला पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग तो एक पाऊल मागे सरला. मला वाटलं, वर उभ्या केलेल्या आमच्या जीपमधून दोर आणायला निघाला. बरं सुचलं त्याला, असंही वाटलं.

सर पोचले तेव्हा धापा टाकत होते. "मोडलाय की अडकलाय?" त्यांनी विचारलं. मी अडकलाय म्हटलं, ते त्यांनी ओठांवरून ओळखलं. "मग एवढं रडायला काय झालं," म्हणाले. खिशातून लहान सुरी काढली, पाण्याखाली वाकले, बुटाची नाडी कापली. त्यांचं डोकं पाण्याखाली जायचं, वर यायचं. आणखी एक नाडी. मग त्यांनी दोन्ही हातांनी टाच धरून असा हिसका दिला की मी किंचाळले, आणि पाय बुटातून निसटला.

तेव्हाच माझ्या लक्षात आलं की सर वाकलेले नाहीत, सरळ उभे आहेत, आणि तरीही पाणी त्यांच्या कमरेला आहे. पाण्याचा रंग पालटला होता. त्यात पाला, काटक्या, फेस. सरांनीही ते पाहिलं. मला कमरेला धरून त्यांनी करंजाच्या मुळ्यांवर अक्षरशः फेकलं. मी मूळ पकडलं आणि वळून हात दिला. त्यांची बोटं माझ्या मनगटाला लागली, पण पकड बसली नाही. सरांचं पांढरं डोकं वळणापर्यंत दिसलं, मग दिसलं नाही.

मी झाडावर चढून बसले. काठावर निशिकांत होता. त्याच्या हातात दोर नव्हता. तो वर, जांभळीच्याही वर, उंचवट्यावर जाऊन उभा होता आणि त्याचा एक हात अजून हवेत होता, थांबा म्हणतात तसा.

पाणी ओसरल्यावर गावकऱ्यांनी मला उतरवलं. सर खालच्या डोहात सापडले, दिवस मावळायच्या आत.

पंचनामा झाला तेव्हा मी घोंगडी पांघरून जीपमध्ये बसले होते. दातावर दात वाजत होते, शब्द फुटत नव्हता. "बाईंना कशाला त्रास," असं म्हणून हवालदाराने निशिकांतलाच विचारलं. काच खाली होती, म्हणून मला ऐकू येत होतं.

"मिसेसने हात वर केला. आमच्या पद्धतीप्रमाणे मी जागच्या जागी थांबलो. सर मात्र पुढे गेले. एका दुर्मिळ टाचणीचा त्यांना फार दिवस शोध होता."

"आणि भोंगा?"

"पाण्याच्या आवाजात ऐकू आला नाही."

मलाही ऐकू आला नव्हता. म्हणून त्यात काही खोटं आहे असं मला वाटलं नाही. सर माझ्यासाठी आले हे तो का सांगत नाही, एवढं खटकलं. पण तो घाबरलाय, लांबून त्याला तसंच दिसलं असेल, अशी मीच माझी समजूत घातली. घरी आल्यावर विचारलं तर म्हणाला, "तू हात वर केलास ना? मग? मी नियम पाळला." पुन्हा विचारलं तर म्हणाला, "वृंदा, सरांच्या जाण्याला काहीतरी अर्थ असू दे. ते त्यांच्या ध्यासापायी गेले, यात वाईट काय आहे?" वर्तमानपत्रात छापून आलं, टाचणीच्या नादात ज्येष्ठ अभ्यासकाचा अंत. लोक हळहळले आणि थोडेसे हसलेही. मी घोट्याला प्लास्टर घालून पडून होते आणि वीजघराला शिव्या देत होते.

बाराव्याला आम्ही कुडाळला गेलो. ओसरीवर माणसं बसली होती. काकी भिंतीला टेकून बसल्या होत्या. डोळे कोरडे, चेहरा रागीट. कुणी सांत्वनाला वाकलं की म्हणायच्या, "माझ्याकडे काय येता? त्यांना हवं तेच मिळालं. सवतीकडेच गेले शेवटी." एवढ्या वर्षांच्या संसारानंतर त्या नवऱ्यावर रुसून बसल्या होत्या, आणि तो रुसवा काढायला आता कुणी नव्हतं. ते बघवत नव्हतं.

माणसं निशिकांतला विचारत होती, तो सांगत होता. दर वेळी ती हकिगत आणखी सुरेख होत होती. आता त्यात सरांच्या चेहऱ्यावर एक तेज आलं होतं.

मी कुबडी टेकत मागच्या पडवीत गेले. शेवंतीबाय आली होती. सरांची पिशवी तिच्याकडे राहिली होती, ती द्यायला. मला बघून तिने डोळ्याला पदर लावला.

"आग लागो त्या भोंग्याला," मी म्हणाले. "वाजवला असता तर माणूस वाचला असता."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "वाजलो मां गे बाय. वाजलो नाय असा कोण म्हणता? मी घरात भांडी घाशी होतंय, माका आयकाक इलो."

"आम्हाला नाही आला."

"तू मधी होतंस. थय पाणी गाजता, थय कसो येतलो. पण काठार? त्याच जांभळीबुडी मी कपडे धुतंय. थयसर भोंगो वाजलो की कानाक दडे बसतत." तिने पिशवी खाली ठेवली. "तुझो घोव काठारच होतो नाय?"

त्याने तेव्हा वळवलेली मान मला पुन्हा दिसली. वीजघराच्या दिशेला, पाणी यायच्या आधी. सर तेव्हा नुकतेच पाण्यात शिरले होते, काठापासून चार हातांवर. निशिकांतने भोंगा ऐकला होता. बायको अडकलीय हे त्याला दिसत होतं. ज्याला ऐकू येत नाही असा म्हातारा त्याच्या डोळ्यांदेखत पाण्यात निघाला होता. आणि तो उंचवट्यावर चढला आणि हात वर धरून उभा राहिला, म्हणजे पुढे कुणी विचारलं तर नियम हाताशी असावा.

तो पाण्यात उतरला नाही याचा मला राग नव्हता, आजही नाही. पोहता न येणाऱ्याने उतरू नये. पण बाकीचं सगळं त्याला येत होतं.

शेवंतीबाय म्हणाली, "बाय, बस जरा. तू पांढरीफटक पडलंस."

मी बसले नाही. ओसरीवर आले. निशिकांत कुणा प्राध्यापकाला सांगत होता, "शेवटच्या क्षणीसुद्धा त्यांची नजर त्या मुळ्यांवर होती."

"ते मुळ्यांकडे बघत नव्हते," मी म्हणाले. "माझ्या बुटाची नाडी कापत होते."

निशिकांत म्हणाला, "वृंदा, तुला बरं नाही. आत जा."

"काकी, माझा पाय दगडात अडकला होता. मी दोन्ही हात वर केले. सरांनी कॅमेरा वाळूत टाकला आणि माझ्याकडे आले. टाचणी नव्हतीच तिथे. त्यांनी मला सोडवलं, झाडावर चढवलं, आणि पाण्याने त्यांना ओढून नेलं."

काकी भिंतीपासून पुढे सरकल्या. "टाचणी नव्हती?"

"नव्हती."

"कॅमेरा कुठे टाकला म्हणालीस?"

"वाळूत. ठेवायलासुद्धा वाकले नाहीत नीट."

काकींच्या तोंडावरचा राग हळूहळू उतरला. त्याच्या जागी जे आलं ते बघून मला वाटलं, राग होता तेच बरं होतं. बराच वेळ त्यांच्या घशातून नुसता आवाज येत राहिला. शेजारच्या बाईने पाणी पुढे केलं, ते त्यांनी बाजूला सारलं.

"भोंगा वाजला होता," मी म्हणाले. आता मला थांबता येत नव्हतं. "गावात घराघरांत ऐकू आला. सरांचं यंत्र खिशात होतं. काठावर हा होता."

सगळ्यांच्या माना निशिकांतकडे वळल्या. त्याने माझ्याकडे पाहिलं. एवढ्या गोड बोलणाऱ्या माणसाला मी शब्दासाठी चाचपडताना पहिल्यांदाच पाहिलं. नाही म्हणेल, असं मला वाटलं होतं. म्हणावं, असंही कुठेतरी वाटत होतं. मी त्याची बायको होते.

काकींनी पदराने तोंड पुसलं. त्यांनी त्याला भोंग्याचं काही विचारलंच नाही.

"त्यांना हाक मारलीस?" एवढंच विचारलं.

निशिकांत म्हणाला, "मारली असती तरी त्यांना ऐकू आली नसती, काकी."

ओसरीवर कुणी हललं नाही. आपण काय बोलून गेलो, हे त्याला आमच्या चेहऱ्यांवरून कळलं असावं.

"नसतीच आली," काकी म्हणाल्या. "मला काय माहीत नाही? माझीही कधी गेली नाही. तरी रोज मारायचे. माणसाला हाक मारायची असते रे."

निशिकांत उठला. चपला शोधायला त्याला वेळ लागला, इतक्या चपला होत्या. फाटकाशी जाऊन तो थांबला आणि माझ्याकडे वळून उभा राहिला. मी ओसरीच्या खांबाला धरून होते. तिथून तो माझ्या आवाजाच्या टप्प्यात होता, आणि त्याचे कान तर चांगले होते. मी हाक मारली नाही.